जुना फोन, चालू रिचार्ज

वर्षभराचे रिचार्ज केलेले असताना पाचव्या महिन्यात फोन कायमचा बंद पडला, तर उरलेल्या सात महिन्यांचे काय होते? सिम काढायचे आणि दुसऱ्या फोनात घालायचे, हे उत्तर बहुतेकांना ठाऊक असते आणि ते चुकीचेही नाही. पण ते अर्धे उत्तर आहे. दुसरा फोन सेकंडहँड असेल, तर उरलेले अर्धे त्या फोनाच्या आतल्या रेडिओत दडलेले असते. ते न पाहता व्यवहार केला, तर कागदावर तोच राहिलेला प्लॅन हातात निम्म्याने येतो.

प्लॅनची नोंद फोनात नसते आणि सिममध्येही नसते. ती कंपनीच्या सर्व्हरवर असते. सिममध्ये असते ती १२८ बिटांची एक गुप्त किल्ली. तिची दुसरी प्रत फक्त कंपनीकडे असते. नेटवर्क एक यादृच्छिक संख्या पाठवते, सिम तिच्यावर त्या किल्लीने गणित करते आणि उत्तर परत पाठवते. कंपनीने स्वतः काढलेले उत्तर त्याच्याशी जुळले की ग्राहकाची ओळख पटते. किल्ली स्वतः सिमच्या बाहेर कधीच पडत नाही. या संवादात फोन केवळ निरोप्या असतो आणि निरोप्या बदलल्याने निरोप बदलत नाही. १९९१ साली फिनलंडमध्ये पहिली सिमकार्डे वापरात आली, तेव्हाच ग्राहक आणि यंत्र यांची ही फारकत झाली. भारतात मात्र या शतकाच्या आरंभी सीडीएमए तंत्राचे असे फोन घरोघरी पोहोचले होते, ज्यांत ग्राहकाची ओळख हँडसेटमध्येच नोंदलेली असे. तो फोन बिघडला की क्रमांक वाचवण्यासाठी कंपनीच्या दुकानाची पायरी चढावी लागे. आजच्या विद्यार्थ्यांना हे ऐकून नवल वाटेल.

दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेत पदार्थविज्ञानात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीला सिमचे हे गणित पाठ होते. प्रयोगशाळेच्या टेबलावरून तिचा फोन पडला आणि त्यातला मुख्य सर्किट बोर्डच गेला. दुरुस्तीचा खर्च फोनाच्या किमतीपेक्षा अधिक होता. शिष्यवृत्तीचा हप्ता तीन महिने लांबलेला, त्यामुळे नव्या फोनाचा विचारही शक्य नव्हता. जिओचा वार्षिक प्लॅन तिने आधीच्या हप्त्यातून साडेतीन हजारांहून अधिक रुपये मोजून घेतला होता. पुढच्या संशोधनवृत्तीचा अर्ज भरण्याची मुदत दोन दिवसांवर आली होती आणि ओटीपी त्याच क्रमांकावर येणार होता. सेकंडहँड फोनाची स्तुती हल्ली पर्यावरणाच्या नावाने होते. ती रास्तच आहे, कारण फोनामुळे होणाऱ्या एकूण कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो वापरण्यात नसून घडवण्यात असतो. परंतु करोल बागेतल्या गफ्फार मार्केटमध्ये ती गेली, ती पृथ्वी वाचवायला नव्हे. खिशात नऊ हजार रुपये होते, म्हणून गेली.

पहिल्याच दुकानात एका मित्राच्या ओळखीने तिच्यापुढे एक आयफोन १४ आला. किंमत हप्त्याने देता येणार होती. फोन अमेरिकेतून आलेला होता, आणि अमेरिकेत विकल्या गेलेल्या त्या मॉडेलला सिमची खाचच नसते. केवळ ई-सिम चालते. म्हणजे हातातले सिम रद्द करून कंपनीकडून ई-सिम घेणे आले. सिम बदलले की फसवणूक टाळण्यासाठी पुढचे २४ तास त्या क्रमांकावरचे एसएमएस बंद ठेवण्याचा नियम भारतात आहे. नियम चांगला आहे, पण ज्याचा अर्ज दोन दिवसांवर आला आहे, त्याच्यासाठी चोवीस तास म्हणजे अर्धी मुदत. तिने तो फोन परत केला.

दुसरा फोन फोर-जी होता. देखणा, काचेवर ओरखडाही नाही, आणि किंमत साडेपाच हजार. येथे प्लॅनचा खरा प्रश्न उभा राहिला. तिच्या प्लॅनमध्ये रोजचा अडीच जीबी डेटा होता, पण फाइव्ह-जी फोनावर फाइव्ह-जी नेटवर्क मिळत असेल तेवढा काळ डेटा अमर्याद होता. फोर-जी फोनात तेच सिम घातले की प्लॅन तोच राहतो, मुदत तीच राहते, आणि अमर्याद हा शब्द मात्र गळून पडतो. वसतिगृहाच्या वाय-फायची अवस्था सांगण्यासारखी नव्हती. दूरच्या संगणकसमूहावरून गणनांचे निकाल उतरवून घेताना ती लॅपटॉपला फोनाचाच हॉटस्पॉट जोडत असे, आणि असा एकेक निकाल अडीच जीबीच्या पुढे सहज जाई.

मग फाइव्ह-जी फोनच घ्यायचा, एवढे म्हणूनही भागत नाही. २०२२च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा केवळ जिओने घेतला. शिवाय ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा जिओ आणि एअरटेल दोघांनीही घेतला. तरंगलांबी काढून पाहावी: प्रकाशाचा वेग भागिले वारंवारता. पहिल्या पट्ट्यात ती सुमारे ४३ सेंटीमीटर येते, दुसऱ्यात सुमारे ९. लांब तरंग भिंतींतून तुलनेने कमी क्षीण होऊन आत पोहोचतात. आखूड तरंग अधिक माहिती वाहतात, पण विटा-सिमेंटपुढे लवकर हार मानतात. तांत्रिक यादीत या पट्ट्यांना एन-२८ आणि एन-७८ म्हणतात. २०२०-२१मध्ये भारतात आलेल्या आरंभीच्या काही फाइव्ह-जी फोनांत एन-७८ एवढी एकच पट्टी होती. त्या काळी देशात फाइव्ह-जी सेवाच नव्हती (ती १ ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली), त्यामुळे कोणाला फरक पडला नाही. आज असा फोन जाड भिंतींच्या वसतिगृहात नेला, तर गच्चीवर फाइव्ह-जी आणि खोलीत फोर-जी, असा संसार होण्याची शक्यता मोठी. दुकानदार ‘मॅडम, फाइव्ह-जीच आहे’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याला पट्ट्या विचाराव्या लागतात, आणि त्याला त्या ठाऊक नसतील तर मॉडेल क्रमांकावरून आपणच शोधाव्या लागतात. तिने तेच केले. दोन्ही पट्ट्या असलेला, पाठीवर चरा गेलेला एक फोन साडेआठ हजारांत ठरला.

पैसे देण्याआधी तिने तो फोन हातात घेऊन *#०६# दाबले. पडद्यावर पंधरा अंकी आयएमईआय उमटला. त्याचे पहिले आठ अंक मॉडेल सांगतात, पुढचे सहा त्या यंत्राचा अनुक्रम, आणि शेवटचा अंक आधीच्या चौदांवरून काढलेला पडताळणीचा असतो. केवायएम ही अक्षरे आणि पुढे तो क्रमांक लिहून १४४२२वर एसएमएस पाठवला की फोनाची कंपनी, मॉडेल आणि तो काळ्या यादीत आहे किंवा नाही, हे कळते. तिने मैत्रिणीच्या फोनावरून तो पाठवला. चोरीचा फोन या यादीत गेला की त्यात कोणाचेही सिम घाला, नेटवर्क त्याला दारातच थांबवते. प्लॅन कितीही खरा असो. जुन्या फोनांची खरेदी-विक्री करणाऱ्यांनी आधी हा क्रमांक केंद्रीय नोंदीत तपासावा, असा नियम ऑक्टोबर २०२५मध्ये झाला. गल्लीतल्या दुकानापर्यंत नियम पोहोचेपर्यंत एसएमएस आपणच पाठवलेला बरा.

सिम घातले. मिनिटभरात नेटवर्क आले, उरलेले २१२ दिवस दिसू लागले, आणि अर्जाचा ओटीपी त्याच रात्री आला.

बॅटरी मात्र थकलेली निघाली. लिथियम-आयन बॅटरी म्हातारी होते म्हणजे तिची धारणशक्ती घटते आणि अंतर्गत रोधही वाढतो. फोनाचा रेडिओ टॉवरपासून जितका दूर, तितक्या जोराने बोलतो. ही शक्ती साधारणपणे २०० मिलिवॅटपर्यंत जाते. क्षीण सिग्नलच्या खोलीत त्याला सतत ओरडावे लागते आणि थकलेली बॅटरी भरभर उतरते. तिने फोनाची जागा खिडकीपाशी ठरवली. बॅटरी शिष्यवृत्ती आल्यावर बदलायची होती.

सिमने जे वाचवले नाही, ते निराळेच होते. संगणकसमूहात शिरण्यासाठी दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा अंकी संकेतांक लागे. त्याचीही एक गुप्त किल्ली असते, पण ती सिममध्ये नसते. ती होती जुन्या फोनाच्या स्मृतीत, म्हणजे मेलेल्या बोर्डावर. खाते उघडताना मिळालेले आणीबाणीचे दहा संकेतांक तिने प्रयोगवहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले होते. त्यांतला एक त्या रात्री खर्ची पडला.

जुना फोन दुकानदार चारशे रुपयांना मागत होता. तो सुरूच होत नसल्याने आतले काही पुसता येत नव्हते. तिने तो दिला नाही.