घाटात शेवटचा

संपादकांचा फोन आला तेव्हा प्रस्तुत लेखक बोपदेव घाटाच्या माथ्यावर हातात स्टॉपवॉच घेऊन उभा होता. "सायकलिंगवर लिहा, पण आकडे कमी ठेवा. वाचकांना माणूस हवा असतो," असं त्यांचं सांगणं. त्याच वेळी घाट चढणाऱ्या मुलांपैकी शेवटचा मुलगा अजून दोन वळणं खाली होता. वय सतरा. दर रविवारी तो घाटात शेवटचा येतो आणि पुढे सासवडच्या अलीकडच्या सपाटीवर, ठरलेल्या मैलाच्या दगडापर्यंत, सगळ्यांना मागे टाकतो. यंदा एका निवड शिबिरात त्याला जागच्या जागी चालणाऱ्या सायकलवर बसवलं, वीस मिनिटं पॅडल मारायला लावलं आणि 'वजनाच्या मानाने शक्ती अपुरी' असा शेरा मारून घरी पाठवलं. तो कागद लेखकाच्या टेबलाच्या खणात आहे. संपादकांना हवा असलेला माणूस या लेखात आहे, पण लेख लिहायला लावलं ते त्या कागदाने.

माणूस म्हणजे मार्क कॅव्हेंडिश. ३ जुलै २०२४ रोजी, वयाच्या ३९व्या वर्षी, फ्रान्समधल्या सँ-व्हुल्बा या गावात त्याने टूर द फ्रान्समधला आपला ३५वा टप्पा जिंकला. बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९६९ ते १९७५ या काळात जिंकलेल्या ३४ टप्प्यांचा विक्रम त्या दिवशी मागे पडला.

टूरमध्ये तीन आठवड्यांत २१ टप्पे असतात, सगळे मिळून साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. सगळ्या टप्प्यांची वेळ मिळवून जो सर्वांत कमी वेळ घेतो तो शर्यतीचा विजेता, आणि शर्यत चालू असताना एकूण वेळेत जो पुढे असेल त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. शिवाय प्रत्येक टप्प्याचा वेगळा विजेता असतो. कॅव्हेंडिशसारखा स्प्रिंटर पिवळ्या जर्सीच्या शर्यतीत नसतोच, डोंगरात तो रोज अर्धा-अर्धा तास मागे पडतो. तो जगतो ते सपाट टप्प्यांसाठी, जिथे दीडशे-पावणेदोनशे सायकलस्वारांचा जथा एकत्र शहरात शिरतो आणि निकाल शेवटच्या काही सेकंदांत लागतो.

इथेच लोकांचा गैरसमज सुरू होतो. गेल्या वीस वर्षांत लेखकाने हे वाक्य पालकांकडून, पत्रकारांकडून आणि दुर्दैवाने प्रशिक्षकांकडूनही ऐकलं आहे: "हा दिवसभर दुसऱ्यांच्या आडोशाला बसतो आणि शेवटी पुढे येऊन बक्षीस घेऊन जातो." आडोशाला बसतो हे खरं आहे. सायकलस्वाराचा मोठा शत्रू वारा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो कापायला लागणारी शक्ती आठपट. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर राहिलं तर लागणाऱ्या शक्तीत साधारण एक तृतीयांश बचत होते. आता ताशी ६५ किलोमीटर वेग धरा. म्हणजे सेकंदाला १८ मीटर, शेवटचे २०० मीटर अकरा सेकंदांत. एवढ्या वेगात वाऱ्याच्या तोंडी कोणीही फार वेळ टिकत नाही. अर्धा सेकंद आधी बाहेर पडला तर रेषेच्या अलीकडे पाय जड होतात, अर्धा सेकंद उशीर केला तर वाट बंद झालेली असते. पाच तास सायकल चालवून झाल्यावर, दोन्ही कोपरांना दुसऱ्यांची कोपरं लागत असताना, तो अर्धा सेकंद ओळखायचा असतो. स्प्रिंटरचं कसब तेवढ्यात आहे.

कॅव्हेंडिशकडे ते कसब होतं, आणि आकडे मात्र नव्हते. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅन या छोट्या बेटावर, डग्लस गावी, २१ मे १९८५ रोजी त्याचा जन्म झाला. सायकलिंगसाठी पैसे साठवायला त्याने बँकेत नोकरी केली. ब्रिटिश सायकलिंगच्या तरुणांसाठीच्या अकादमीत तो आला तेव्हा प्रयोगशाळेतल्या सायकलवर त्याची शक्ती सामान्य निघाली. तो थोडा गुटगुटीतही होता. रॉड एलिंगवर्थ या प्रशिक्षकाने रस्त्यावर आणि ट्रॅकवर त्याची चाल पाहिली होती, आणि तो त्या मुलाच्या बाजूने उभा राहिला. २००५ मध्ये रॉब हेल्सच्या जोडीने कॅव्हेंडिश ट्रॅकवरच्या मॅडिसन प्रकारात जगज्जेता झाला, तेव्हा तो वीस वर्षांचाही नव्हता.

मोजमाप चुकलं कुठे? यंत्रावरची सायकल पाय किती जोर लावतात ते मोजते. वाऱ्याला किती अंग लागतं ते मोजत नाही. कॅव्हेंडिशची उंची १७५ सेंटिमीटर. त्याचा जर्मन प्रतिस्पर्धी मार्सेल किटेल १८८ सेंटिमीटरचा, रुंद खांद्यांचा. जोर किटेलचा जास्त. पण स्प्रिंटला सुटताना कॅव्हेंडिशचं नाक जवळजवळ पुढच्या चाकावर यायचं, कोपरं वाकलेली, पाठ जमिनीला समांतर. वाऱ्याला त्याचं अंग फारसं लागायचंच नाही. त्याच वेगाला त्याला कमी शक्ती पुरायची. शिबिरातल्या कागदावर या गोष्टीसाठी रकानाच नव्हता.

२००८ मध्ये शातोरूला त्याने टूरमधला पहिला टप्पा जिंकला, आणि त्या वर्षी एकूण चार. २००९ मध्ये सहा, २०१० मध्ये पाच, २०११ मध्ये पुन्हा पाच. त्याच्या संघाने स्प्रिंटची आगगाडीच बांधली होती. अखेरच्या काही किलोमीटरमध्ये सोबती एकामागोमाग एक पुढे येऊन वारा अंगावर घ्यायचे, दमले की बाजूला व्हायचे, आणि सगळ्यात शेवटचा डबा म्हणजे ऑस्ट्रेलियाचा मार्क रेनशॉ कॅव्हेंडिशला दोनशे मीटरवर सोडायचा. २००९ मध्ये पॅरिसच्या शाँझेलिझेवर ही गाडी इतक्या वेगात आली की कॅव्हेंडिश पहिला आला आणि त्याला वाट करून देणारा रेनशॉ दुसरा. बाकीचे त्यांच्या मागे. पुढे २०२१ मध्ये कारकासोनला हेच पुन्हा घडलं, त्या वेळी वाट करून देणारा डेन्मार्कचा मिकेल मोर्कोव्ह दुसरा आला. स्प्रिंटरचा विजय एकट्याचा नसतो हे याहून चांगलं दाखवता येणार नाही.

आता लेखकाच्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या वादाकडे. स्प्रिंटरची कारकीर्द डोंगरात ठरते, कारण डोंगरात वेळेची मर्यादा असते. टप्प्याच्या विजेत्याने घेतलेल्या वेळेवर ठरावीक टक्के चढवले की मर्यादा निघते. टप्पा सोपा असेल तर टक्के कमी, अवघड असेल तर जास्त, आणि विजेता जितका वेगात गेला तितके जास्त. विजेत्याला पाच तास लागले आणि मर्यादा बारा टक्के असली तर छत्तीस मिनिटं मिळतात. सदतिसाव्या मिनिटाला येणारा त्या दिवशी घरी जातो, आधीच्या आठवड्यात त्याने तीन टप्पे जिंकलेले असले तरी. म्हणून डोंगरात स्प्रिंटर आणि जड अंगाचे सायकलस्वार एकत्र येऊन मागे एक गट करतात. त्याला ग्रुपेत्तो म्हणतात. वेगवेगळ्या संघांतले वैरी त्यात एकमेकांना पाण्याच्या बाटल्या देतात. कॅव्हेंडिशचा ऑस्ट्रियन सोबती बर्नहार्ड आयझेल या गटाचा कप्तान म्हणून ओळखला जाई. पुढचा किती वेगात चाललाय, आपल्या हातात किती मिनिटं आहेत, चढावर किती गमावायची आणि उतारावर किती कमवायची, हा हिशेब तो सायकलवरच मांडायचा.

२०११ मध्ये गालिबिएच्या डोंगरी टप्प्यावर विजेत्या अँडी श्लेकला सहा तास आठ मिनिटं लागली. मर्यादा तेहतीस मिनिटांची. ८८ जण उशिरा आले, त्यांत हिरवी जर्सी घातलेला कॅव्हेंडिश. एवढ्या जणांना काढलं तर शर्यतच अर्धी होते, म्हणून नियमाने दिलेल्या सवलतीनुसार पंचांनी त्यांना ठेवलं आणि कॅव्हेंडिशचे २० गुण कापले. दुसऱ्या दिवशी आल्प दुएझच्या टप्प्यावर पुन्हा उशीर, पुन्हा २० गुण. हिरवी जर्सी सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याची. शेवटी त्याचे ३३४ झाले, दुसऱ्या आलेल्या स्पेनच्या रोहासचे २७२. त्याला आयती जर्सी दिली, असा आरोप आजही ऐकू येतो. तो मोजून पाहावा. कापलेले चाळीस गुण परत केले तर अंतर ६२ वरून १०२ वर जातं. त्या वर्षी सपाट टप्पा जिंकल्यावर ४५ गुण मिळत होते, म्हणजे शिक्षा जवळजवळ एका विजयाइतकी होती. ती भोगूनही तो पुढे राहिला.

दुसऱ्या टोकाचं म्हणणं असं, की ही मर्यादाच काढून टाका, उशीर होईल या भीतीने स्प्रिंटर उतारावर जीव धोक्यात घालतात. ही काळजी खोटी नाही. तरीही लेखकाचं मत ठाम आहे: मर्यादा राहिली पाहिजे. ती काढली तर स्प्रिंटर डोंगरात सावकाश फेरफटका मारील आणि ताज्या पायांनी पुढचा सपाट टप्पा जिंकेल. मग 'आडोशाला बसतो' हा आरोप खरा होईल. आज तो खोटा आहे तो या नियमामुळे.

नियम नाव पाहून कोणाला सोडत नाही हे कॅव्हेंडिशने २०१८ मध्ये अनुभवलं. ला रोझिएरच्या टप्प्यावर मर्यादा साडेएकतीस मिनिटांची होती, तो विजेत्यानंतर तासाभराहून जास्त वेळाने पोहोचला. वाटेत थांबून गाडीत बसता आलं असतं. आपण बाद झालोय हे माहीत असताना तो शेवटपर्यंत चढत राहिला. किटेल आणि रेनशॉही त्याच दिवशी बाद झाले.

तो पडतीचा काळ होता. २०१४ मध्ये हॅरोगेटला, आईच्या गावी, पहिल्याच टप्प्यात पडून त्याचा खांदा निखळला. २०१६ मध्ये त्याने टूरचे चार टप्पे, पहिल्यांदा पिवळी जर्सी आणि रिओला ऑलिम्पिकचं रौप्यपदक मिळवलं, पण पुढच्याच वर्षी व्हिटेलला तो पुन्हा पडला आणि खांद्याचं हाड मोडलं. एपस्टाइन-बार विषाणूने अंगातली ताकद शोषून घेतली. पाठोपाठ नैराश्य आलं, त्याबद्दल तो पुढे उघडपणे बोलला. ऑक्टोबर २०२० मध्ये गेंट-वेव्हेलगेम या शर्यतीनंतर कॅमेऱ्यासमोर रडत, ही कदाचित आपली शेवटची शर्यत असेल, असं तो म्हणाला. पस्तिशीतला, पाच वर्षांत टूर नीट पूर्ण न करू शकलेला माणूस. त्या दिवशी लेखकानेही त्याचं नाव मनातून पुसलं होतं. धंद्याने प्रशिक्षक असलेल्या माणसाला हे कबूल करावं लागतं.

२०२१ च्या टूरसाठी त्याच्या संघाने आधी निवडलेला आयर्लंडचा सॅम बेनेट दुखापतीमुळे येऊ शकला नाही आणि अगदी ऐनवेळी कॅव्हेंडिशला जागा मिळाली. फुजेर आणि शातोरूला तो जिंकला. मग ४ जुलैला आला तीन्यचा डोंगरी टप्पा. थंडी, पाऊस. संघातले सोबती त्याला मध्ये घेऊन चढत होते. मर्यादा संपायला साधारण दीड मिनिट उरलं असताना तो रेषेवर पोहोचला. फ्रान्सचा आर्नो देमार त्या दिवशी बाद झाला. एक दिवस विश्रांती, आणि ६ जुलैला व्हालान्सला कॅव्हेंडिश पहिला. ९ जुलैला कारकासोनला ३४वा विजय, मर्क्सची बरोबरी, पॅरिसला पुन्हा हिरवी जर्सी.

मर्क्सशी तुलना मात्र करू नये. मर्क्स डोंगरात जिंकला, एकट्याने घड्याळाविरुद्ध जिंकला, जथ्यातल्या स्प्रिंटमध्ये जिंकला आणि पाच वेळा टूर घेऊन गेला. कॅव्हेंडिश स्वतःही ही तुलना टाळत आला.

पस्तिसाव्यासाठी आणखी तीन वर्षं गेली. २०२२ ला निवड झाली नाही. २०२३ ला बोर्दोला दुसरा आला, दुसऱ्या दिवशी पडून कॉलरबोन मोडलं. निवृत्ती जाहीर केलेली होती, ती मागे घेतली. २०२४ च्या टूरच्या पहिल्याच दिवशी, इटलीतल्या उन्हात रिमिनीच्या वाटेवर, त्याला उलट्या झाल्या. जथा कधीच पुढे निघून गेला होता. त्याच्या अस्ताना संघाचे सोबती त्याच्या मानेवर पाणी ओतत त्याच्याबरोबर राहिले आणि विजेत्यानंतर जवळपास चाळीस मिनिटांनी, मर्यादेच्या आत, तो पोहोचला. चौथ्या दिवशी गालिबिए. पाचव्या दिवशी सँ-व्हुल्बा. तिथे त्याच्यासाठी सरळ वाट नव्हती. तो एका चाकामागून दुसऱ्या चाकामागे सरकत गेला, फट दिसताच सुटला, आणि प्रतिस्पर्धी यास्पर फिलिप्सनला मागे ठेवून रेषा ओलांडली.

इथे एक शंका लिहून ठेवायला हवी. एका कॅव्हेंडिशवरून बोपदेवच्या मुलाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. ज्यांचे आकडे कमी निघतात त्यांतले बहुतेक खरोखरच कमी पडतात. शिबिरातल्या परीक्षकांनी समोरच्या यंत्रावर विश्वास ठेवला, आणि यंत्र खोटं बोललं नाही. पण आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' ठरतो, बोरघाटाच्या माथ्यावर पहिला येणारा सगळ्यांना माहीत असतो, आणि घाटात शेवटी येऊनही सपाटीवर जिंकू शकणारा मुलगा कोणाच्या वहीत नसतो. रस्त्यावर त्याला एकदा तरी पाहायला हवं होतं.

लेखकाने त्या मुलाला सँ-व्हुल्बाचं स्प्रिंट दाखवलं नाही. तीन्यचा टप्पा दाखवला. ओल्या रस्त्यावर मान खाली घालून चढणारा माणूस, दोन्ही बाजूंना सोबती. मुलाने मध्येच व्हिडिओ थांबवला आणि विचारलं, "सर, किती वेळ उरला होता?" दीड मिनिट, असं सांगितल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

पुढच्या रविवारी घाटाच्या पायथ्याशी त्याने एक मागणी केली. पहिला मुलगा माथ्यावर पोहोचला की ती वेळ लिहून ठेवायची, त्यावर बारा टक्के धरायचे. गेल्या पाच रविवारांत तो दोनदा मर्यादेत आला आहे.