आधी त्याला विचारा

वार्तापत्रासाठी लिहिण्याची आम्हा उभयतांची ही पहिलीच वेळ. आमचा मुलगा अकरावीत आहे. त्याला विचारून आणि वाचून दाखवूनच हे लिहीत आहोत.

जुन्या इंदुरात, शनिमंदिरापासून चार पावलांवर आमचे घर. गेल्या वर्षी मुलाचे आजोबा गेले. दिवसकार्य झाले, सगळे आपापल्या कामाला लागले. दोन-तीन महिन्यांनी मुलाचे वागणे बदलले. जेवण कमी झाले. शाळेत जायचे म्हटले की पोटात दुखे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल कानाशी. त्यात दहावीचे वर्ष! आम्ही घाबरलो.

एका समुपदेशकांकडे त्याला नेले. त्यांनी सगळे आम्हाला विचारले आणि आम्हीच सांगितले. मुलगा मध्ये मान खाली घालून बसला होता. वीस मिनिटांत निदान झाले : मोबाईलचे व्यसन, काढून घ्या. आम्ही काढून घेतला. त्यानंतर तो आमच्याशी बोलेनासाच झाला.

पुढे एका स्नेह्यांनी दुसऱ्या बाईंचे नाव सुचवले. पहिल्याच भेटीत त्यांनी आम्हाला बाहेर बसायला सांगितले. खरे सांगायचे तर आम्हाला रागच आला. पण आमच्यादेखत त्या मुलाला म्हणाल्या, "तू बोलशील ते माझ्यापाशीच राहील. तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तरच आई-बाबांना सांगीन. तेही आधी तुला सांगून."

आपली मुले घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि वर्गात इंग्रजी बोलतात. मनातले नेमके कोणत्या भाषेत येईल, सांगता येत नाही. "मला घबराहट होते" असे तो म्हणाला, तेव्हा बाईंनी शब्द सुधारला नाही. ती छातीत होते की पोटात, केव्हा होते, एवढेच विचारले. हे त्यानेच नंतर आम्हाला सांगितले.

तिसऱ्या भेटीनंतर एका रात्री तो आपण होऊन बोलला. आजोबांनी मोबाईलवर पाठवलेले बोलके निरोप तो रोज ऐकत असे. "जेवलास का रे?", "क्लासहून निघालास का?" एवढेच. लहानपणापासून तो आजोबांच्या खोलीत झोपत आला होता. आता त्याच खोलीत एकटा होता. आणि आम्ही नेमका तो आवाजच काढून घेतला होता.

मोबाईल लगेच परत दिला. सगळे एकदम छान झाले असे नाही. अजूनही काही दिवस जड जातात. पण आता तसे तो सांगतो.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये, १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असा निर्देश दिला आहे. विश्वस्त मंडळींना आमची नम्र विनंती, की ही नेमणूक कागदापुरती राहू नये. समुपदेशकांची खोली मुख्याध्यापकांच्या दालनाला लागून नसावी. तिथे जाणे ही मुलांना शिक्षा वाटू नये. येणाऱ्या व्यक्तीला मराठी आणि हिंदी दोन्ही कळावे. आणि शिक्षक-पालकांची तक्रार ऐकण्याआधी मुलाचे म्हणणे ऐकले जावे.

मुलांनो, घरी किंवा शाळेत बोलता येत नसेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक लक्षात ठेवा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते, आणि हिंदी-मराठीतही बोलता येते.

पालकांना एकच सांगणे. समुपदेशकांनी बाहेर बसायला सांगितले, तर राग न धरता बसावे. आत आपल्याविरुद्ध काही चाललेले नसते. आपल्या मुलाला कुणीतरी पहिल्यांदाच, मध्ये न बोलता, ऐकत असते.