मावशीचा पेपर

परवा रात्री साडेअकराला मावशीचा फोन. "झोपलीस का गं? नळ-टाकीचं एक गणित अडलंय."

"मावशी, टीचर तू आहेस! माझं मास कॉम झालंय."

मावशी सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिकवते. डी.एड. करून २००३ मध्ये शिक्षणसेवक म्हणून लागली, पहिली तीन वर्षं महिना तीन हजारांवर काढली. आता ४६ व्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसतेय. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त बाकी असतील तर दोन वर्षांत टीईटी पास व्हा, नाहीतर घरी बसा. दीडशे मिनिटं, दीडशे प्रश्न.

माझी पहिली रिअॅक्शन, 'हा काय अन्याय?' मस्त सणसणीत स्टोरी होईल म्हणून मी खणायला बसले आणि गप्पच झाले. आपल्याच राज्यातल्या २९१ डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. त्यातूनच २०११ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमावा लागला. म्हणजे चाळणी लावायची ती कॉलेजच्या दारात, तिथे सगळा आनंद! आणि चाळणी म्हणून आणलेली टीईटी तरी? २०१९-२० च्या परीक्षेत पैसे देऊन मार्क वाढवल्याचं उघड झालं, २०२२ मध्ये ७,८०० हून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली.

हे सगळं मी तावातावाने मावशीला ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, "परीक्षेला माझी ना नाही गं. मुलं लोकांची आहेत, तपासायला हवंच. पण इतक्या वर्षांत साहेब आले, रजिस्टरं बघितली, पोषण आहाराचा हिशेब बघितला. तासभर मागच्या बाकावर बसून मी शिकवते कशी, हे कुणी बघितलं नाही."

आपल्याकडे वर्षातून एकदा अप्रेझल असतं, बॉस निदान कामाबद्दल चार शब्द बोलतो. मावशीच्या नशिबी तेवढंही नाही. एकदम ओएमआर शीटच!

"बरं, ते गणित?" मी विचारलं.

"थांब, तुला समजावून सांगते." टाकी म्हणजे एक भाकरी समज, म्हणाली. एक नळ तासाला चतकोर खातो, दुसरा अर्धी... सांगता सांगता तिचं तिलाच सुटलं. आणि शाळेत मला कधीच न कळलेलं ते गणित, मला चक्क कळलं.

हे दीडशे मार्कांत कुठे धरतात, मला खरंच जाणून घ्यायचंय.