वुस्टरचें तीनमजली घर

बॉस्टनच्या पश्चिमेस सुमारें ४० मैलांवर वुस्टर हें शहर आहे. नांव लिहितांना जितकीं इंग्रजी अक्षरें लागतात, त्यांतलीं बरींचशीं उच्चारांत येतच नाहींत! आमच्या पुतण्यानें तेथें घर घेण्याचें मनांत आणलें व "काका, एकवार पाहून तर जा" अशी गळ घातली, म्हणून गेल्या आश्विनांत आम्ही उभयतां तेथें आठ दिवस राहिलों.

त्याचा बेत असा कीं, तीन बिऱ्हाडांचें घर घ्यावें, एकांत आपण राहावें व उरलेल्या दोहोंच्या भाड्यांतून कर्जाचा हप्ता फेडावा. पुण्याच्या वाडेवाल्यांस ही युक्ति नवी नाहीं. तिकडे मात्र तिला सरकारचा हातभार आहे. १९३४ सालीं स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनच्या हमीवर, पत चांगली असल्यास, चार बिऱ्हाडांपर्यंतच्या घराला किंमतीच्या अवघे साडेतीन टक्के पदरचे घालून कर्ज मिळूं शकतें. मालकानें निदान एक वर्ष तेथें स्वतः राहिलें पाहिजे, ही अट. घर तीन-चार बिऱ्हाडांचें असल्यास आणखी एक मेख आहे: साऱ्या घराच्या भाड्याचा पाऊण हिस्साच हिशेबांत धरावयाचा आणि तेवढ्यांत हप्ता बसला पाहिजे.

हीं लाकडी घरें बहुतेक १८८० ते १९३० च्या दरम्यानचीं, कारखान्यांतील कामगारांसाठीं बांधलेलीं. दर मजल्यास एक बिऱ्हाड, आणि सज्जे एकावर एक. आपल्या चाळीची आठवण होते. परंतु येथें प्रत्येक कुटुंबास चोहोंबाजूंनीं उजेड मिळतो, हा भेद थोडा नव्हे.

आश्विनांत तेथील झाडें अशीं लालबुंद होतात कीं, मोडकें घरहि देखणें वाटावें. म्हणून आम्ही पहिल्यानें तळघरांत उतरलों. तीन मजल्यांना तीन निराळे बॉयलर होते. अर्थात् ज्याच्या उबेचें बिल त्याचें त्याला. अंगणांत मात्र दोनच मोटारींपुरती जागा! हिमवृष्टींत पुष्कळ रस्त्यांवर मोटार ठेवण्यास मनाई असते, हें पुतण्याच्या ध्यानांत नव्हतें. बॉस्टनच्या आगगाडीला सुमारें दीड तास लागतो, एवढें त्यानें पाठ केलें होतें.

इतक्यांत त्याची चार वर्षांची कन्या खिडकीच्या चौकटीवरील पापुद्रे नखानें काढूं लागली. आमच्या कुटुंबानें तिचा हात ओढून तिला धुवावयास नेलें. १९७८ च्या पूर्वीच्या घरांत शिशाचा रंग असूं शकतो, आणि सहा वर्षांखालील मूल राहत असल्यास तो धोका मालकानें दूर करावा, असा मॅसॅच्युसेट्सचा कायदा आहे. मालक तर आतां हाच होणार!

तळमजल्यावर एक वृद्ध बाई राहत होत्या. त्यांनीं चहा दिला व हळूच विचारलें, "आपण कोणत्या मजल्यावर राहणार?" पुतण्याच्या मनांत तळमजलाच होता. तो कांहीं बोलला नाहीं. तिसरा मजला रिकामा होता. पण वर चढावयास पायऱ्या पुष्कळ आणि जिना अरुंद.

रात्रीं जेवणाच्या मेजावर बराच खल झाला. "काका, भाडें खालच्या मजल्याचें अधिक येईल," असें तो म्हणाला, आणि मग आपणच वरचा मजला घेण्याचें ठरवून हिशेब नव्यानें मांडूं लागला. रंग काढण्याचा खर्च वजा करून त्यानें दुसऱ्या दिवशीं किंमत कळविली. आम्ही निघालों तेव्हां विकणाराचें उत्तर आलें नव्हतें.