रोजची वाई

वाईला जाण्याची कारणे माणसागणिक निराळी असतात. कोणी ढोल्या गणपतीच्या दर्शनाला जातो. कोणी पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवर चहाला उतरतो आणि पसरणीचा घाट चढता चढता ‘वाई पाहिली’ असे सांगूनही टाकतो. माझ्यासारख्या मराठीच्या प्राध्यापिकेला आणखी एक कारण असते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचा संसार याच गावात मांडला आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड बाहेर पडला. अवघ्या विश्वाच्या नोंदी करायला माणसांनी कृष्णाकाठचे हे गाव निवडावे, याचे मला अजूनही अप्रूप वाटते. शिवाय माझी धाकटी बहीण या गावात दिलेली आहे. आणि कोश बाजूला ठेवला, तरी बहिणीचा वेलदोडे घातलेला चहा बाजूला ठेवता येत नाही.

यंदा नवरात्राच्या तोंडावर गेले ती मात्र खास बोलावण्यावरून. बहीण फोनवर म्हणाली, “ताई, तू एकदा येऊन तिच्याशी बोल बाई. दहावीचं वर्ष आहे, आणि ही लोकांच्या चपलांचे फोटो काढत हिंडतेय.”

ही म्हणजे माझी भाची. वय वर्षे पंधरा. तिने गुढीपाडव्यापासून एक नेम धरला होता. रोज एक फोटो काढायचा, एकच. तो बिघडला तर बिघडला, दुसरा काढायचा नाही. सूर्यास्त, देवाची मूर्ती आणि स्वतःचा चेहरा वर्ज्य. रात्री एका वहीत तारीख घालून त्या फोटोविषयी एक-दोन ओळी लिहायच्या. आमच्या आजीने चातुर्मासात मीठ सोडले होते, तेव्हाही नियम इतके कडक नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घाटावर घेऊन गेली. गणपती आळीच्या घाटावर पोचलो की माझे हात सवयीने जोडले जातात. सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली हे देऊळ बांधले. आतली मूर्ती एवढी अवाढव्य, की ‘ढोल्या’ याखेरीज दुसरे नाव सुचू नये. दर्शन घेऊन मी बाहेर आले, तर भाची देवळाच्या मागच्या बाजूला उभी.

“मावशी, इकडे ये. सगळे पुढूनच बघून जातात.”

देवळाची पाठ खरोखर पाहण्यासारखी आहे. मागची भिंत माशाच्या आकाराची, पुढे निमुळती होत गेलेली. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. बांधणाऱ्याने गणपतीला नमस्कार केला आणि नदीलाही ओळखले. भाचीने श्रावणात तिथे फोटो काढला होता. त्या टोकाला पुराने आणून चिकटवलेली झेंडूची माळ, एक गवताची पेंढी आणि प्लॅस्टिकची पिशवी. वहीत ओळ होती : ‘पूर येऊन गेला. पाणी जाताना काय विसरलं ते बघायला आले होते.’

पायरीवर बसून मी ती वही चाळू लागले. दीडशेच्या वर नोंदी होत्या. ‘घाटाच्या या पायरीला मधोमध खळगा आहे. कुणी फोडलेला नाही. पाय लागून लागून झालाय.’ ‘आज देवळाच्या दारात एकोणीस चपला होत्या. एकोणिसाव्या चपलेच्या मालकाचं काय झालं असेल?’ ‘एस. टी.ची वाट बघणारे सगळे एकाच दिशेला बघतात, म्हणून कुणाचाच चेहरा मिळाला नाही. अठरा पाठी मिळाल्या.’ आणि एका सोमवारी : ‘आज आई रागावली. रागावलेल्या आईचा फोटो काढायचं धाडस झालं नाही, म्हणून तिनं आपटलेल्या पातेल्याचा काढला.’

मला हसू आवरेना. वीस वर्षे मी वर्गात सांगत आले आहे, की पोरांनो, जे पाहिले ते लिहा. उत्तरपत्रिकांतून मात्र ‘नयनरम्य’ निसर्ग आणि ‘खळाळते’ झरे वाहतच राहतात. या वहीत एकही नयनरम्य वस्तू नव्हती. पातेल्याला पोचा पडला होता आणि तो नेमका कुठल्या बाजूला, तेही लिहिले होते.

वाईला कॅमेरा नवा नाही. ‘स्वदेस’ (२००४) मधले चरणपूर पाहताना आपण शेजारच्या मेणवलीचा घाट पाहत असतो. ‘ओंकारा’ (२००६) आणि ‘दबंग’ (२०१०) यांचेही चित्रण या परिसरात झाले. गंमत अशी, की या तिन्ही चित्रपटांतले गाव उत्तर प्रदेशातले! मोठमोठे कॅमेरे आले आणि वाईला दुसऱ्याच गावाचे सोंग देऊन गेले. भाचीच्या लहानशा फोनमध्ये मात्र वाई वाईच होती.

पूर्वी हे जमले नसते, असे म्हणावे तर तेही खरे नाही. फ्रान्समध्ये झाक आंरी लार्तिग नावाचा एक मुलगा होता. जन्म १८९४ चा. बापाने लहानपणीच हाती कॅमेरा दिला आणि हा घरातल्यांच्या उड्या, खेळ, मांजरे टिपत बसला, जोडीला रोजनिशी लिहू लागला. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्याचे फोटो मांडले गेले, तेव्हा जगाने त्या पोराला ओळखले. पोरगा तोवर सत्तरीला टेकला होता. आपल्याकडे मात्र रोल महाग. आमच्या लहानपणी छत्तीस फोटोंचा रोल म्हणजे वर्षाची बेगमी : बारसे, मुंज, एखादे लग्न आणि उरलेच तर सहलीचे दोन. त्यामुळे जुन्या अल्बमातली आपली माणसे सदैव लग्नाला निघालेली दिसतात. भाजी निवडणारी आई, वर्तमानपत्र वाचता वाचता पेंगलेले वडील कोणाच्याच अल्बमात नाहीत.

हे सारे मी तिथल्या तिथे म्हणाले असते. पण तेवढ्यात वहीत आषाढाची पाने लागली आणि मी गप्प झाले.

आषाढात बहिणीच्या सासूबाई गेल्या. त्या दिवशीच्या पानावर फोटो नव्हता. नुसती तारीख होती. त्याआधीच्या पानांवर मात्र त्या जागोजाग भेटत होत्या, आणि एकदाही पूर्ण नव्हत्या. खिडकीतून वाळत घातलेले नऊवारी पातळ. ताटलीत निवडून ठेवलेले तांदळातले खडे, ओळीने मांडलेले. बशीत चहा ओतणारा हात, करंगळी संधिवाताने वाकलेली.

घरी आले, तर ओटीवरच्या भिंतीवर त्यांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. धाकट्या मुलाच्या लग्नातला. भरजरी शालू, नथ, आणि फोटोग्राफरने सांगितल्यामुळे आणलेले गांभीर्य. दुपारी बहिणीचे सासरे माझ्याशी बोलत बसले होते. बोलता बोलता त्यांनी चष्म्याचे घर उघडले. आत एक फोटो होता, बाजारातल्या दुकानातून छापून आणलेला. तोच, बशीचा.

“नातीकडून मागून घेतला,” ते म्हणाले. “पन्नास वर्षं या हातचा चहा प्यायलो. हा हात माझ्या ओळखीचा आहे. ती भिंतीवरची बाई जरा पाहुणीच वाटते हो.”

रात्री बहिणीने विचारले, “बोललीस का तिच्याशी?”

“बोलले,” मी म्हटले. “फोटो काढायला किती वेळ लागतो विचारलं. म्हणाली, एक क्षण. शोधायला दिवस लागतो, पण तो शाळेत जाता-येताच होतो. गणिताला बसव खुशाल; ही वही मात्र काढून घेऊ नकोस. आणि ते पातेलं बदल आता.”

पातेले कोणते, ते तिला कळले नाही. भाचीला कळले.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल, तेव्हा घरोघर फराळाची गडबड चालू असेल. पाडव्याला, भाऊबीजेला नवे कपडे घालून ओळीने फोटो निघतीलच. ते अवश्य काढा. पण त्याआधी एकदा स्वयंपाकघरात डोकवा. चकलीचा सोऱ्या फिरवणारा जो हात दिसेल, त्याचा एक फोटो काढून ठेवा. एकच पुरे. आणि खाली तारीख घालायला विसरू नका.