गाळ कोण काढतो, पाणी कोणाचे?

'श्रमदान' हा शब्द ऐकला की आपल्या वस्तीतल्या जुन्या माणसांच्या कपाळावर आठी पडते. त्याला कारण आहे. दान द्यायला आधी ती वस्तू आपल्या मालकीची असावी लागते. आपल्या आज्या-पणज्यांचे श्रम त्यांच्या मालकीचे कधी होते? महार वतनाच्या नावाखाली गावाने आणि सरकारने त्यांना रात्री-अपरात्री राबवून घेतले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक मांडले, तरी ही वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले. ज्यांच्या घरात वेठबिगारीची आठवण अजून ताजी आहे, त्यांच्या पोरांना कोणी "चला, फुकट खणायला" म्हणाले, तर संशय येणारच.

हा संशय मनात घेऊनच मी इंग्लंडमध्ये जुना कालवा खणायला गेलो. नोकरीसाठी तिथे दोन वर्षे होतो. ऑफिसमधला एक वयस्क सहकारी दर महिन्याला शनिवार-रविवार चिखलात घालवून यायचा. हा माणूस पदरचे पेट्रोल जाळून गाळ उपसायला का जातो, याचे मला कुतूहल वाटले.

आपल्याकडे कालवा म्हटला की शेतीचे पाणी डोळ्यांसमोर येते. इंग्लंडचे कालवे बोटींचे. कोळसा आणि कारखान्यांचा माल वाहायला ते अठराव्या शतकात खणले गेले. स्ट्राउड गावाजवळचा स्ट्राउडवॉटर कालवा १७७९ साली सुरू झाला आणि त्याला पुढे थेम्स नदीशी जोडणारा कालवा १७८९ साली. नंतर रेल्वे आली, ट्रक आले आणि हे कालवे ओस पडले. थेम्सकडचा बराच भाग १९२७ साली बंद झाला, स्ट्राउडवॉटर १९५४ साली. देशभर असे शेकडो मैल कालवे झाडाझुडपांत आणि कचऱ्यात गाडले गेले.

ते पुन्हा उघडायला पुढे आली साधी माणसे. १९६८ साली मँचेस्टरच्या ॲश्टन कालव्यात सुमारे सहाशे स्वयंसेवक उतरले आणि त्यांनी दोन हजार टन कचरा काढला. १९७४ साली त्या कालव्यातून पुन्हा बोटी जाऊ लागल्या. १९७० साली 'वॉटरवे रिकव्हरी ग्रुप' स्थापन झाला. त्याची आठवडाभराची शिबिरे भरतात. लोक गावातल्या सभागृहात जमिनीवर झोपतात आणि आपल्या जेवणाचे पैसे स्वतः भरतात.

मी स्ट्राउडच्या परिसरात काम केले. ढोपरभर गाळ, त्यात सायकली, टायर, बाटल्या. दुपारनंतर लॉकच्या भिंतीला चुन्याचा दर्जा भरणे. लॉक म्हणजे बोट वर चढवणारा किंवा खाली उतरवणारा, दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. माझ्या शेजारी घमेले उचलत होते एक निवृत्त न्यायाधीश. त्यांना सूचना देत होता विशीतला एक गवंडी, आणि न्यायाधीश मुकाट्याने ऐकत होते. कारण त्या कामात त्या पोराला जास्त कळत होते, एवढेच!

रात्री घरी फोन केला. वडील गप्प झाले. मग म्हणाले, "एवढा शिकलास, साहेबांच्या देशात गेलास, आणि तिथंही गाळच काढतोस का रे?"

वडिलांचा प्रश्न खोटा नव्हता. आमच्या आजोबांनी गावच्या पाटाचा गाळ आयुष्यभर काढला. त्या पाटाचे पाणी आमच्या वावरात कधी आले नाही, कारण आम्हाला वावरच नव्हते. मग आजोबांच्या गाळात आणि माझ्या गाळात फरक कोणता?

याचे उत्तर एका शब्दात सापडते. मूळ कालवे खणणाऱ्या गरीब मजुरांना इंग्रजीत 'नॅव्ही' म्हणत. हलाखीत राहणारी, कामावर मरणारी ही माणसे. प्रतिष्ठित समाज त्यांना नाके मुरडायचा. आजचे स्वयंसेवक स्वतःला अभिमानाने नॅव्ही म्हणवतात, त्यांच्या नियतकालिकाचे नावही तेच आहे. न्यायाधीश दोन दिवस नॅव्ही होतो आणि सोमवारी पुन्हा निवृत्त न्यायाधीश. त्याला ते जमते, कारण नॅव्ही हा धंदा होता, जन्म नव्हता. आपल्याकडे गाळ काढणाऱ्याचे नाव जन्माने चिकटते आणि सोमवारी उतरत नाही. जात नुसती कामे वाटत नाही, काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवले आहे. म्हणून २०१३ चा कायदा असूनही गटारात उतरून मरणारा माणूस कोणत्या जातीचा, हे आपल्याला विचारावे लागत नाही.

इंग्लंडचे गोडवे गायचा माझा हेतू नाही. आमच्या तुकडीत गोरा नसलेला मी एकटाच होतो. फुकट राबायला पेन्शन लागते, सुटी लागते, भरलेले पोट लागते. पण एक गोष्ट तिथे स्पष्ट दिसली: श्रमाला प्रतिष्ठा भाषणाने येत नाही. नाही म्हणण्याचा हक्क असेल आणि झालेल्या कामावर सर्वांचा हक्क असेल, तरच ती येते. आजोबांकडे दोन्ही नव्हते.

मग आपण पाण्याच्या कामापासून दूर राहायचे का? मुळीच नाही. १९२७ साली महाडला आपण पाण्याचाच हक्क सांगितला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना सिंचन आणि वीज हे विषयही बाबासाहेबांकडे होते. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत ओरिसाच्या नद्यांबद्दल बोलताना त्यांनी पूर, सिंचन आणि वीज यांबरोबर जलवाहतुकीचाही विचार मांडला. पाण्याचे शास्त्र आपल्या वारशात आहे. तो वारसा आपण जयंतीच्या भाषणापुरता ठेवला आहे.

तेव्हा गावात श्रमदानाची हाक आली तर फावडे जरूर उचला, पण आधी तीन प्रश्न विचारा. चरात उतरणारे आणि फोटोत उभे राहणारे वेगळे आहेत का? हिशेब आणि निर्णय कोणाच्या हातात आहेत? आणि पाणी आल्यावर भूमिहीनाला काय मिळणार? तिसरा प्रश्न अवघड म्हणून कोणी टाळेल, तर पुरंदर तालुक्यातल्या नायगावचे नाव सांगा. विलासराव साळुंखे यांनी तिथे उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीच्या मापाने वाटले नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर वाटले आणि भूमिहीनांचाही वाटा मानला. हे महाराष्ट्रात घडले आहे, म्हणजे घडू शकते.

या तीन प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली तर गाळात सर्वांच्या बरोबरीने उतरा. नाही मिळाली तर फावडे खाली ठेवा आणि ग्रामसभेत उभे राहा. तेही पाण्याचेच काम आहे.

जय भीम!