उभ्या घराचं काय?

ता. घनसावंगी, जि. जालना
८ ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास,


परवा फोनवर तू विचारलंस, ‘सरकार एवढी मदत देतंय, मग घर नीट का करून घेत नाहीस?’ तेव्हा मला धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

सप्टेंबरच्या शेवटच्या पावसात मागची भिंत बसली. गोदाकाठच्या गावांत जायकवाडीचं पाणी शिरलं, त्यांच्यापुढे आपलं दुःख लहान. पंचनामा झाला. कच्च्या घराची किमान १५ टक्के पडझड असेल तर ४,००० रुपये, पक्क्या घराला ६,५००, आणि पूर्ण कोसळलं तर १,२०,०००. चार हजारांत गवंड्याची आठवडाभराची मजुरीही भागत नाही.

घरकुल योजनेचं म्हणशील, तर त्यात १,२०,००० आहेत, वर रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२,०००. यंदा राज्यानंही ५०,००० वाढवले, त्यातले १५,००० छतावरच्या सौर पॅनलसाठी. ज्यांच्या डोक्यावर पत्रासुद्धा नव्हता त्यांची घरं यातून उभी राहिली, मी डोळ्यांनी पाहिलीत. पण निकष बेघरांसाठी, नाहीतर एका-दोन कच्च्या खोल्यांत राहणाऱ्यांसाठी. आपलं माळवद तीन खोल्यांचं. माती तीच, गळणंही तेच. शिवाय तो पैसा नवं घर बांधायला आहे, उभं घर सावरायला नाही.

तुला आठवतं? मृगाच्या आधी दादा माळवदावर पांढरी माती टाकायचे. आपण दोघं टोपल्या वर द्यायचो, माय पन्हाळं मोकळी करायची. दादा माती पायानं दाबत दाबत मागं सरकायचे आणि कडेला आले की माय खालून ओरडायची. मे महिन्यात आत कसं गार असायचं! दादा गेल्यावर तीन वर्षं माती पडली नाही. मजूर मिळेना, ट्रॉलीला पैसे नव्हते. पाणी मुरत मुरत तुळईपर्यंत गेलं. वेळेवर दोन ट्रॉल्या माती पडली असती, तर आज ही भिंत उभी असती. हे मला फार लागतं, अक्का.

जड माळवदाचा धोका मला कळतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारीत अशाच दगडमातीच्या घरांखाली माणसं गेली. पण त्यानंतरचंही आठव. ५२ गावं नव्या जागी वसवली, आणि बाकीच्या कितीतरी गावांत उभी घरं दुरुस्त करून मजबूत करायला सरकारनं पैसे दिले. गावोगावच्या बायकांना संवाद सहायक नेमलं. त्या घरोघरी जाऊन बांधकाम कसं करायचं ते समजावत. आपल्याच मराठवाड्यात हे झालंय. मग पडायच्या आधी चार पैसे का देता येऊ नयेत? येत्या ग्रामसभेत हेच मांडणार आहे, लेखी.

एक काम तुझ्याकडे आहे. नमुना आठवर अजून दादांचंच नाव आहे. वारस नोंदीला तुझी सही लागेल. दिवाळीला येताना आधार कार्ड आण. मागच्या खोलीवर ताडपत्री टाकलीय. तुझं अंथरूण मधल्या खोलीत घालू, साण्याखाली.

तुझा,
बापू